गोडाच्या जेवणाची नोटीस

—नाही, त्या पाटावर नको. पानं मांडलेली आहेत तिथे. तुम्ही असे भिंतीकडे बसा, खिडकीखाली. हो, चटईवर. आणि हा पुडा — पेढे? आज? — नाही हो, रागावलो नाही. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही मुलुंडहून आलात, घाटकोपरच्या या चाळीत तुमच्या ओळखीचं कुणी नाही. आई गेली माझी. आज तेरावं. गोडाचं जेवण — चार माणसं येऊन गोड खाऊन गेली की घर सुतकातून सुटतं, मग पेढेही चालतात. तोवर राहू देत तिथे, चपलांपाशी. शुभा, पाणी दे गं यांना. ही बहीण माझी, गिरगावातून आलीय. पहाटेपासून शेगडीपुढे उभी आहे, आता भातावर झाकण घालून नुसती बसलीय. बारा वाजून गेले असतील ना? असतील. नाही, अजून कुणी आलं नाही. येतील. म्हणजे — बघू.

नाव काय म्हणालात? विद्याधर. हो का. मला ठाऊक नव्हतं — खरंच नव्हतं, मला तुमचा नंबर ठाऊक होता, उत्तरपत्रिकेवरचा. नावं मुद्दाम काढून टाकली होती मी. माझीच कल्पना ती. आमच्या रंगाच्या कारखान्यात आजवर भरती कशी व्हायची माहितेय? जागा निघाली की मार्तंडराव फोरमन गावाला निरोप धाडायचे, आणि आठवड्याच्या आत त्यांचा कुणी भाचा नाहीतर मेहुण्याचा मुलगा ट्रंक घेऊन फाटकाशी उभा. लिहिता येतं का, कुणी विचारायचं नाही. 'कुणाचा रे तू?' — बस्स, हीच परीक्षा. मी बी. ए. होऊन त्या ऑफिसात बसलो आणि पहिल्याच महिन्यात डोकं फिरलं माझं. स्वराज्य येऊन दहा वर्षं होत आली, आणि माणसाची किंमत अजून तो कुणाचा यावर? नवा साहेब आला, त्याच्या मागेच लागलो. डिस्पॅचमध्ये कारकुनाची जागा निघाली तेव्हा कंटाळून म्हणाला, घे बाबा तुझी परीक्षा. पेपर तपासायला बाहेरचे मास्तर बोलावले. तुम्ही पहिले आलात. म्हणून म्हणतो, माझे आभार मानू नका. मी तुमच्यासाठी काही केलं नाही. कुणासाठीच काही केलं नाही — तेच तर करायचं होतं.

वडील काय करतात? पोस्टमन. आणि कारखान्यात ओळख कुणाचीच नाही? बघा. तुमच्यासारख्यासाठीच होती ती परीक्षा. ती चूक नव्हती. आजही म्हणतो, चूक नव्हती. — मी कुठे म्हटलं कुणी चूक म्हणतंय? कुणीच काही म्हणत नाही. तेच तर आहे ना. भांडले असते तर उत्तरं तयार होती माझी.

ते समोरचं दार दिसतंय? गुणाजीकाका. कुर्ल्याच्या गिरणीत आहेत, कायमची रात्रपाळी. त्यांचा मुलगा बाळाही परीक्षेला बसला होता तुमच्याबरोबर. इंग्रजीत गेला. कच्चंच आहे त्याचं इंग्रजी — आता कच्चं का, तर — जाऊ दे, त्याचा इथे काय संबंध. म्हणजे, आहे थोडा. मी कॉलेजात होतो ना, तेव्हा आमच्या या खोलीत माणसंच माणसं, मामाचं बिऱ्हाडही इथेच. अभ्यासाला जागा कुठली? काका पाळीला गेले की त्यांची खोली मला मिळायची. आईनं शब्द टाकला होता, आमच्या नंदूला जरा टेकायला द्या. मग मी आत, दिव्याखाली, आणि बाळा बाहेर गॅलरीत, जिन्यावरच्या बल्बच्या उजेडात पुस्तक धरून. काकीच सांगायच्या त्याला — नंदूदादाची परीक्षा आहे, बाहेर बस. माझी परीक्षा नेहमीच असायची. पाऊस तिरका आला की तो पुस्तक सदऱ्याखाली घालून तसाच बसून राहायचा. — म्हणून काय? उत्तरपत्रिका ती उत्तरपत्रिका. 'हा गॅलरीत बसून शिकला' असं तिच्यावर लिहिता येत नाही. लिहिता यावं का? मी ह्याचा विचार करतोय. हल्ली दुसरं काही करत नाही.

आणि आईनं काकींना सांगून ठेवलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही — विचारायचं काय, तिच्या दृष्टीनं ते झालेलंच होतं. 'आमचो नंदू हापिसात आसा, बाळाचा काम होतला.' निकाल लागला त्या संध्याकाळी मी धावत घरी आलो. धावत! म्हटलं, आई, आज पहिल्यांदा आमच्याकडे एक माणूस नुसत्या लायकीवर लागला. तिनं विचारलं, 'कुणाचो?' मी म्हटलं, कुणाचाच नाही. 'बरां,' म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली. बस्स, एवढंच. फक्त दुसऱ्या दिवसापासून नळावर सगळ्यांच्या शेवटी उभी राहायला लागली. आधी बायका तिला पुढे करायच्या — शेवंतीमावशी, तुम्ही भरा आधी, गुडघे दुखतात तुमचे. तेव्हाही करत होत्या हो, कुणी बंद केलं नाही. तीच जात नव्हती पुढे.

मग ताप आला. मग गेली. सकाळची वेळ होती, मी नुसता उभा. कुणाला हाक मारावी कळेना, आणि कुठल्या तोंडानं मारावी तेही. मारावी लागलीच नाही. बांबू आले, सुतळी आली, मडकं आलं. गुणाजीकाका नुकते पाळीवरून आलेले, केसांत कापूस तसाच, पुढचा खांदा त्यांनी घेतला. मागे बाळा. टेकडी उतरून स्मशानापर्यंत काकांनी खांदा बदलू दिला नाही कुणाला. माझ्याशी बोलले ते एवढंच — 'सांभाळून रे, पायरी आसा.' मला वाटलं, मिटलं. छे, मिटतंय कसलं! ती त्यांची होती, तिला पोचवायला आले. मी मडकं धरून पुढे चाललो होतो, मागे अख्खी चाळ होती, आणि त्यात माझ्यासाठी आलेलं कुणी नव्हतं. मग घरात चूल पेटत नव्हती तेव्हा पिठलं-भात येत राहिला. दारात ठेवायचे आणि जायचे. मी खायचो. चव कळली नाही. रडूही आलं नाही अजून. शुभा म्हणते, दगड झालास. असेन. आज सकाळी वरणात मीठ आहे का बघ म्हणाली, मी दोनदा चाखलं आणि सांगता येईना.

आता आजचं. रीत अशी की दारोदार जायचं, उंबऱ्याशी उभं राहून नावानं सांगायचं — 'काकी, गोडाला या.' एकेका घरात. मी काय केलं ठाऊक आहे? खाली जिन्याशी फळा आहे, पाण्याच्या वेळा लिहितात तो. त्याच्यावर नोटीस लावली. चांगल्या वळणदार अक्षरात. 'सर्व भाडेकरूंना आग्रहाचे निमंत्रण.' मला वाटलं, हे बरं — कुणी राहून जायला नको, कुणाला आधी कुणाला मागून नको, सगळे सारखे. शुभा पाणी भरायला खाली गेली, वाचलं, तशीच रिकामी कळशी घेऊन वर आली. म्हणाली, अरे, सगळ्यांना बोलावलंस म्हणजे कुणालाच बोलावलं नाहीस. हा काय तुझा कारखाना आहे?

गेलो ना मग. काल संध्याकाळी. म्हटलं आधी काकांकडे, ते आले की बाकीचे येतीलच. दारात उभा राहिलो. दोन शब्द बोलायचे होते, गोडाला या. आणि — हळू बोलतो जरा, शुभाला हे ठाऊक नाही — तोंडातून काय निघावं? म्हटलं, काका, स्टोअरमध्ये एक जागा निघतेय, बाळासाठी साहेबांच्या कानावर घालतो, परीक्षाबिरीक्षा काही नको. — नका बघू असे. मीच म्हणालो हे. मी! कारखान्यात भाषणं करणारा. काका बिडी ओढत होते. विझवली. म्हणाले, 'तुझ्या आवशीक खांदो दिलो तो नोकरेसाठी नाय रे.' आणि दार लोटलं. आपटलं नाही हो — हळूच लोटलं, आत कुणी तान्हं निजलं असावं तसं. आणि गोडाला या म्हणायचं राहूनच गेलं. मग पुढच्या दारांशी गेलोच नाही.

काय म्हणालात? तुम्ही बसता पानावर? — भले आहात तुम्ही. खरंच. पण त्यानं घर सुटत नाही हो. तुम्ही जेवाल, पोट भरेल, आणि उठून मुलुंडला जाल. तुम्ही आमचे कोण? तुमचा दोष नाही त्यात. मला असाच माणूस हवा होता ना, कुणाचाच नसलेला? मिळाला.

थांबा. — कडी वाजली. समोरची. शुभा! शुभा, वाढायला घे — नाही, थांब, थांब जरा. काका आहेत. धुतलेला सदरा, टोपी. बोलावलं नाही तरी — काकी पण. तांब्या घेऊन काकी, आणि मागे बाळा. इकडेच येतायत. या काका, या — का थांबले? मधेच का थांबले? बाळा त्यांच्या कानाशी काहीतरी — तुमच्याकडे बघतोय तो. परीक्षेच्या दिवशी पाहिलं असणार त्यानं तुम्हाला. अर्थात पाहिलं असणार. आणि आता इथे, माझ्या घरात — त्यांना वाटेल, तुम्ही माझेच कुणी.

उठा. नाही, पाणी पिऊ नका, उठा. गॅलरीतून डावीकडे, संडासांच्या अंगाला मागचा जिना आहे, तिकडून उतरा. त्यांच्या समोरून जाऊ नका. आणि हे बघा, सोमवारी कामावर रुजू व्हाल तेव्हा मी समोरून आलो तर ओळख दाखवू नका. — का म्हणून काय विचारता? जा म्हणतो ना!