मॅडमचा वर्ग आणि काकासाहेबांची मान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, गावाचे माजी सरपंच, मारुती देवस्थानचे प्रमुख विश्वस्त आणि माझे शेजारी आदरणीय काकासाहेब. वेळात वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती, योगशिक्षिका शिवकन्या मॅडम. समोर ताठ कण्याने बसलेल्या माता-भगिनींनो. आणि मागे खांबांना टेकून उभ्या असलेल्या बंधूंनो,

टेकू नका. मॅडम बघतायत.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. माझं नाव भुजंग. गावात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि माईक कुणी धरायचा हा प्रश्न आला की गाव माझ्याकडे बघतं. मॅडमच्या वर्गातही गाव माझ्याकडेच बघतं, पण वेगळ्या कारणाने. "आता भुजंगासन" असं मॅडम म्हणाल्या रे म्हणाल्या, की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. आणि नेमकं तेच आसन मला आजवर जमलेलं नाही. आईवडिलांनी नाव ठेवताना पोटाचा विचार केला नव्हता, त्याला मी काय करू?

असो. मॅडम मूळच्या केदारखेड्याच्या. योगाचं रीतसर शिक्षण घेऊन आपल्या उपकेंद्रावर नेमणुकीनं आल्या. याच सभामंडपात पहिला वर्ग भरला तेव्हा अर्धं गाव लोटलं होतं. कुणाला पाय मानेवर टाकायचे होते, कुणाला पोट आत घ्यायचं होतं, कुणाला नुसतं दुसऱ्यांचं बघायचं होतं. मॅडम आल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बसा."

आम्ही बसलो.

"पाठ सरळ. डोळे मिटा. हलू नका."

आम्ही वाट बघतोय, आता पुढे काय? पुढे काहीच नाही! बऱ्याच वेळानं मॅडम म्हणाल्या, "आसन म्हणजे आधी बसणं. हठयोगाच्या जुन्या परंपरेत घाई नाही. हे जमलं की पुढचं बघू."

तेव्हा पहिल्या रांगेतून आपले अध्यक्ष महाशय उठले. त्यांचे शब्द माझ्या कानात अजून आहेत. "बसायला शिकवायला बाई कामून पाहिजे? म्या इतकी वर्षं सरपंच होतो. बसायचंच काम केलं!"

(काकासाहेब, हसताय म्हणजे परवानगी आहे असं धरून पुढे जातो.)

काकासाहेब गेले, त्यांच्यामागं बरेच पुरुष गेले. राहिल्या बायका आणि मी. मीही गेलो असतो, पण पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताच येईना.

मग सुरू झाले यम आणि नियम. मॅडमचं म्हणणं असं, की हातपाय वाकवायच्या आधी माणसानं वागणं सरळ करावं. खोटं बोलू नये. कुणाला दुखवू नये. हाव धरू नये. आता सांगा, दुकानदाराला हे परवडतं का? एक शेतकरी आला, म्हणाला, "भुजंगराव, हे बियाणं उगवल का?" एरवी मी छातीवर हात ठेवून "बिलकुल!" म्हणतो. त्या दिवशी म्हणालो, "पाऊस पडला तर उगवल." तो माझ्याकडे बघत बघत कुंभार पिंपळगावला गेला आणि तिथून घेऊन आला. बियाणं तेच, कंपनी तीच!

मिताहाराचंही तसंच. मॅडमनी समजावलं, "अर्धं पोट अन्नाला, पाव भाग पाण्याला आणि पाव रिकामा ठेवायचा." तेव्हा आपल्या मालनबाई हात वर करून म्हणाल्या, "मॅडम, ते पावाचं आम्हाला सांगू नका. आमच्या घरात पाव आणीतच न्हाईत, भाकरीच असती."

आणि जलनेती! तोटीचं भांडं, कोमट मिठाचं पाणी, या नाकपुडीतून आत आणि त्या नाकपुडीतून बाहेर. मी दुकानामागं वाकून सराव करत होतो. शेतकरी संपत बोअरच्या मोटारीचं सामान आणायला निघाला होता, तो थांबला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काय नशीब असतंय एकेकाचं! तुमच्या नाकातून पाणी निघून राह्यलं, आमच्या बोअरमधून निघंना."

मंडळी, हसताय, पण या गोष्टीत पुढे एक वेळ अशी आली होती की मॅडमचं इथलं काम संपलंच होतं. ते सांगितल्याशिवाय आजचा सत्कार पुरा होणार नाही. अध्यक्षांची क्षमा मागून सांगतो.

वर्ग वाढत गेला, तशी काकासाहेबांची झोप कमी होत गेली. गावात एवढी माणसं रोज सकाळी एका ठिकाणी जमतात आणि त्यांना अध्यक्षच नाही, हे त्यांना बघवेना. त्यांना पत्ता नव्हता, पण घरच्या कडूबाई काकूही रोज पहाटे "मंदिरात जाऊन येते" म्हणून निघत. खोटं काहीच नव्हतं, वर्ग मंदिरातच होता! तर काकासाहेबांनी घरी बसून मोबाईलवर योग शिकायला घेतला. आणि सुरुवात कशानं करावी? शीर्षासनानं. त्यांचा विचार सरळ होता. शीर्षासन आसनांचा राजा असेल, तर सरपंचानं तेच करावं.

मॅडमना हे कळलं, तेव्हा त्या स्वतः त्यांच्या घरी गेल्या. "काका, तुम्हाला रक्तदाब आहे. या वयात मानेवर भार नको. माझ्या वर्गात या, आधी बसायला शिका." काकासाहेब म्हणाले, "ताई, सारं गाव डोक्यावर घेतलं म्या. हे एवढंसं शरीर पायावर काय अन् डोक्यावर काय!" मॅडम पुन्हा एकदा गेल्या. पुन्हा तेच उत्तर.

मग आला योगदिन. तालुक्याहून साहेब आले. मंदिरासमोर पटांगणात मांडव, मागं मोठा फ्लेक्स, फ्लेक्सवर काकासाहेबांचा हात जोडलेला फोटो. कार्यक्रम छान चालला. शेवटी भ्रामरी होती. अंगठ्यांनी कान बंद, बोटं डोळ्यांवर, आणि भुंग्यासारखा गुंजारव. मॅडमनी बजावलं होतं, "काहीही झालं तरी मी खूण करेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत." त्या स्वतःही वर्गाकडं तोंड करून, डोळे मिटून बसल्या. सगळं गाव एका सुरात घुमायला लागलं.

मी माईकपाशी होतो, म्हणून पाहिलं. काकासाहेब हळूच खुर्चीतून उठले. त्यांचा बेत असा, की गावानं डोळे उघडले की समोर आपण उलटे! त्यांनी टोपी काढून साहेबांच्या हातात दिली. धोतराच्या आत नातवाची ट्रॅकपँट घालून आल्ते, म्हणजे तयारी पूर्ण होती. डोकं सतरंजीवर टेकलं आणि पाय वर गेले. खरं सांगतो, गेले! क्षणभर साहेबांनी टाळीसाठी हात उचलले. तेवढ्यात धोतर सुटून तोंडावर आलं. काकासाहेबांना दिसेना. पाय मागं भिंत शोधायला लागले. घरी भिंत असते. इथं फ्लेक्स होता. बांबूसकट फ्लेक्स गेला, काकासाहेब स्वतःच्याच फोटोतून आरपार गेले आणि पलीकडं नाश्त्याच्या पोह्यांचं मोठं पातेलं होतं, त्यावर...

(होय काकासाहेब, पोह्यांचं सांगू नको म्हणाला होतात. पण आता पातेल्यापर्यंत आलोय, परत कसा फिरू?)

आणि मंडळी, एवढं होऊनही समोरचं गाव घुमतंच होतं! काका पोह्यात, साहेब हातात टोपी घेऊन उभे, आणि शंभरेक भुंगे शांतपणे म्म्म्म करतायत. एवढी एकाग्रता मी जन्मात पाहिली नाही.

हसणं तिथं संपलं. काकासाहेबांची मान जोरात लचकली होती. डॉक्टरसाहेबांनी पट्टा घातला, जालन्याला नेऊन मानेचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, देवाची कृपा. पण गावानं डोळे उघडल्यावर काय पाहिलं? योगाचा कार्यक्रम आणि आडवे पडलेले काकासाहेब. संध्याकाळपर्यंत बातमी पक्की झाली, की मॅडमनी म्हाताऱ्या माणसाला उलटं केलं. मी दुकानात येईल त्याला खरं सांगत होतो. पण बियाणं विकणारा खरं सांगायला लागला की लोकांना जास्तच शंका येते. आणि काकासाहेब? ते गप्प राहिले. सभामंडपाला कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या कमरेला. वर तक्रारीचा अर्ज गेला. मॅडमची नेमणूक पुढं चालू ठेवायची की नाही, हे गावाच्या ठरावावर येऊन ठेपलं.

डॉक्टरसाहेब, तुम्हीच त्यांना म्हणाला होतात, "मॅडम, झालं ते लिहून द्या. साहेब साक्षीला आहेत." मॅडम म्हणाल्या, "त्यांचं ते सांगतील. आधी बरे होऊ द्या."

आणि मॅडम रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायला लागल्या. कडूबाई काकूंनी दार उघडलं. काकासाहेब पलंगावर. त्यांना रागानं तोंड फिरवायचं होतं, पण गळ्यातल्या पट्ट्यामुळं फिरेना. त्यामुळं मॅडमकडं बघतच रागवावं लागलं.

"कामून आल्या?"

"नुसतं बसायला."

मॅडम चटईवर बसायच्या, काकू शेजारी बसायच्या. पट्टा निघाल्यावर डॉक्टरांना विचारून खांद्यांच्या साध्या हालचाली, सावकाश श्वास, एवढंच. योगदिनाचा विषय कधी काढला नाही. माणसाला भांडणारा समोर असला तर बरं असतं हो. हे असं गप्प बसणं काकासाहेबांना सोसेना. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच विचारलं. हे मला काकूंनी सांगितलं आहे.

"पोरी, सगळं गाव तुला बोलून राह्यलं. तू खरं कामून सांगत न्हाईस?"

मॅडम म्हणाल्या, "काका, आधी तुमची मान पूर्ण बरी होऊ द्या. उद्या ती खाली घालायची वेळ आली, तर दुखायला नको."

काकू सांगत होत्या, काकासाहेब आधी चिडले. मग हसले. हसल्यावर मान दुखली, म्हणून पुन्हा चिडले.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. वर्ग बंद करावा आणि मॅडमनी गाव सोडावं, असा ठराव. मॅडम एका कोपऱ्यात उभ्या होत्या. चेहरा शांत, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. काकासाहेब बोलायला उठले. "मॅडमनी..." एवढं म्हणाले आणि थांबले. खुर्ची बाजूला सारली, खाली जमिनीवर मांडी घातली, डोळे मिटले. आम्हाला वाटलं चक्कर आली. पंचायतीचा शिपाई भारत पाणी आणायला पळाला. तेवढ्यात काकासाहेबांनी डोळे उघडले.

"म्या मोबाईलवर पाहून उलटा झाल्तो. या पोरीनं घरी येऊन दोनदा मना केल्तं. तिचा काही दोष न्हाई. चूक सगळी माझी हाये. ठराव फाडा."

बायकांतून मालनबाई म्हणाल्या, "अन् किल्ली?"

काकासाहेबांनी कमरेची किल्ली काढली आणि द्यायला मॅडमकडं हात केला. मॅडम म्हणाल्या, "काकूंना द्या. माझ्याआधी रोज त्याच येतात." तेव्हा काकासाहेबांना पहिल्यांदा कळलं, की आपली बायको पहाटे कुठल्या देवाला जाते!

त्यानंतर काकासाहेब वर्गात आले. शेवटच्या रांगेत बसले. सुरुवातीला स्वस्थ बसवेना. डास चावायचे, खालची घोंगडी टोचायची, राजकारण आठवायचं. आता बसतात. छान बसतात. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली आहे आणि ती डॉक्टरसाहेबांनी केली आहे, मोबाईलनं नव्हे.

आता मॅडम जालन्याला चालल्या. एमआयडीसीतल्या कामगारांसाठी वर्ग सुरू होतोय, त्यांना बोलावणं आलंय. आमचा वर्ग कोण घेणार, हा प्रश्न होता. मॅडमनी तो कधीच सोडवून ठेवला होता. गेलं वर्षभर त्या कडूबाई काकूंना तयार करत होत्या. काकासाहेबांनी मला खाजगीत विचारलं, "मंग म्या आता तिला काय म्हणायचं?" मी म्हणालो, वर्गात मॅडम म्हणा, घरी काय म्हणायचं ते काकू ठरवतील.

आज सकाळी काकूंनी पहिल्यांदा वर्ग घेतला. नऊवारीत, ताठ, आवाज खणखणीत. आणि शिवकन्या मॅडम आमच्यात, रांगेत बसल्या. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला बसवलं, त्यांना कुणी कधी बसवलंच नव्हतं. काकू म्हणाल्या, "श्वास घ्या." सगळ्यांनी घेतला. "सोडा." सगळ्यांनी सोडला. मॅडमचा सुटेना. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, गालावरून पाणी. काकू उठून त्यांच्यापाशी आल्या, पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, "सोड पोरी. आम्ही नीट बसलो हावोत."

माझे डोळे मिटलेले असायला हवे होते. नव्हते.

मॅडम, गावाच्या वतीनं एवढंच म्हणतो, सुखानं जा आणि आठवण आली की येऊन रांगेत बसा. मांडव घालणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे, डॉक्टरसाहेबांचे आणि एवढं सगळं ऐकूनही खुर्चीवर बसून राहिलेल्या अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुठं शब्द जास्त गेला असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला. मी आता खाली बसतो.