वाचनालयात येतं कोण?

मी रोज दुपारी वाचनालयात जाते, हे आमच्या गावात कुणी खरंच धरलं न्हाय बघा. वाचनालय ठेवायचं का तिथं व्यायामशाळा करायची, म्हणून सभा भरली होती.

सरपंच म्हणाले, "तितं कुत्रंसुद्धा फिरकत न्हाय."

मी उठले. "मी जाते की! मालक गेले, लेक इंदापूरला नांदतीया. घर खायला उठतं. तितं निदान पुस्तकातली माणसं तरी बोलत्यात."

"काकू, चौथी शिकलेल्या तुमी, वाचता व्हय?" सरपंचांनी इचारलं, तशी सगळी हसली.

वाचनालय सांभाळणाऱ्या तात्यांना म्हणलं, "सांगा की वो!"

तात्या चाचरले. "वैनी पुस्तकं नेत्यात, पण सभासद म्हणून नाव मालकांचं हाय."

"म्हंजे जिता सभासद एकबी न्हाय. करा व्यायामशाळा!" सरपंच म्हणाले. "स्वतःचं नाव लावायला कुणी अडवलं व्हतं, काकू?"

'बाईमाणसाचं येगळं नाव कशाला,' म्हणणारा माणूस आता भांडायलाबी उरला नव्हता. लग्नातल्या उखाण्यानंतर मालकांचं जे नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते भर सभेत ओरडून घेतलं.

"हणमंतरावांनी!"