अर्थातच

बायको : धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात हे सापडलं. मी मोठ्यानं वाचू, की तुम्ही आपणहून सांगताय?

मास्तर : कागद आहे तो.

बायको : ते दिसतंय मला. वर लिहिलंय, ‘ऊतक, अर्धायुष्य, उत्प्रेरक, प्लासिबो.’ जन्मभर भाषा शिकवलेला माणूस चोरून हे का लिहितो?

मास्तर : वाचनालयातून पुस्तक आणलंय. ‘सुशिक्षित प्रौढांसाठी विज्ञानाचे आवश्यक शब्द’. निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी शिकावं.

बायको : शिकावं की. पण पुस्तक इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवून?

मास्तर : तिथे सपाट राहतं.

बायको : आणि रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावर, रसायनशास्त्राच्या बाईंकडे तासभर?

मास्तर : शंका विचारायला.

बायको : अत्तर लावून?

मास्तर : त्यांच्या घरात प्रयोगशाळेचा वास असतो.

बायको : बाईंचा मला संशय नाही. त्यांची आवड इतकी वाईट नसणार. मला संशय आहे तो चहाचा. छत्तीस वर्षं गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि आता बारा दिवस मला अंथरुणात आयता चहा! काय लपवताय? कुठे दुखतंय तुम्हाला?

मास्तर : मला? मला काही झालेलं नाही.

बायको : त्या ‘मला’वर जरा जास्तच जोर पडला.

मास्तर : वाक्याच्या ओघात पडला.

बायको : बारा दिवस. म्हणजे तुम्ही माझ्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आणायला गेलात तेव्हापासून. दुकानात गणवेश शिवायची घाई होती, म्हणून मी आले नाही. परत येऊन म्हणालात, सगळं ठीक आहे. डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?

मास्तर : म्हणाले, ‘तुम्ही हेडमास्तर, तुम्हाला काय समजावून सांगायचं!’ आणि जे भराभरा बोलत सुटले…

बायको : तुम्ही काय म्हणालात?

मास्तर : ‘अर्थातच.’

बायको : किती वेळा?

मास्तर : पाच. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका आहे का?

बायको : तेव्हाही ‘अर्थातच’?

मास्तर : तेव्हा ‘छे, छे’ म्हणालो.

बायको : म्हणजे माझ्या मानेत काय आहे, हे तुम्हाला माहीतच नाही.

मास्तर : रिपोर्टात अकरा शब्द अडले होते. त्यातले नऊ लागले. बाईंना रिपोर्ट दाखवला नाही, सुटे शब्द तेवढे विचारतो. ओळखू येऊ नये म्हणून मध्ये उत्प्रेरकबित्प्रेरक घुसवतो. पण नऊ अर्थ शेजारी शेजारी मांडले तरी त्यांचं वाक्य होत नाही.

बायको : अहो, सरळ फोन करायचा डॉक्टरांना!

मास्तर : पाच वेळा ‘अर्थातच’ म्हटल्यावर कुठल्या तोंडानं करू? आणि… दोन शब्द लागायचे आहेत, तोवर वाईट काही कळलेलं नसतं ना.

बायको : बारा दिवस हे एकट्यानं उराशी घेऊन बसलात? आणा तो फोन इकडे.

(ती फोन लावते. मास्तर खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे.)

बायको : हॅलो, डॉक्टर? हेडमास्तरांची बायको बोलतेय. मी सातवी पास, शिवणकाम करते. माझ्या रिपोर्टात काय आहे ते मला कळेल असं सांगा… हं… नाही, तो शब्द नको, दुसरा सांगा… हं… बरं… ते? ते मजेत आहेत. विज्ञान शिकतायत… ठेवते.

मास्तर : काय म्हणाले?

बायको : गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. कापायचीही गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची.

मास्तर : एवढंच?

बायको : एवढंच. अहो, बसा. बसा आधी. आणि हे काय, रडताय काय असे?

मास्तर : रडत नाहीये. अश्रुग्रंथींचा स्राव आहे तो.

बायको : अर्थातच.