बाळंतिणीच्या खोलीतल्या फटी

मी मुर्ध्याची. बापूस मीठागरावर, आम्ही भावंडं मिठातच वाढलो, पायाला भेगा आणि भेगांत खारं पाणी, आणि लग्न करून दिली ती कुठं, तर शेजारच्या राई गावात, म्हणजे पुन्हा मीठच. हे घर तेव्हा कुडाचं व्हतं, शेणानं लिंपलेलं, खिडकी म्हणशील तर एक न्हाय, भिंत संपते आणि छप्पर लागतं त्या मधल्या फटीतून काय तो उजेड, काय तो वारा. चुलीपाशी बसलं की डोळ्यांतून धार, पण सगळ्याच बायांच्या डोळ्यांतून धार, त्याचं कोण काय बोलणार.

तू कॉलेजात जातेस, आजी तुझं आयुष्य सांग, मी लिहून काढते म्हणालीस, म्हणून आज बोलते. तुझी आई जानकी तापानं गेली असं तुला सांगत आले ना मी. तापानं न्हाय गेली.

माझी ती एकुलती. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आली, तुझा जन्म या मधल्या खोलीतला. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा न्हाय, सव्वा महिना शेक द्यायचा, माझ्या आईनं मला तसंच ठेवलं व्हतं. मी छपराखालची एकेक फट मिठाच्या गोणपाटांचे तुकडे कोंबून बुजवली, दाराला घोंगडी लावली, बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यात ओवा, बाळंतशेपा. भाईंदरहून नर्सबाई आलेली, ती म्हणाली, आजी, बंद खोलीत शेगडी ठेवू नका, हवा खेळू द्या. मी तिच्या पाठीमागं हसले. बायांना म्हटलं, हिला अजून एक पोर न्हाय आणि ही मला बाळंतपण शिकवते. तुझा आजा म्हणाला, एक फट तरी राहू दे. त्याला म्हटलं, तुम्ही मीठ बघा.

काय सांगू तुला, जानकी दोनदा बोलली. आये, गुदमरतं गं, डोकं दुखतं. मी म्हटलं, सोस, मी न्हाय सोसलं?

अकरावा दिवस, भर दुपार. तू रडायची थांबेना, मी मागच्या दारी धुणं धूत व्हते, तेवढ्यात तुझ्या आज्यानं तुला उचललं आणि पडवीत घेऊन बसला. मी बघितलं आणि अशी भांडले त्याच्याशी, अकरा दिवसांच्या पोरीला वाऱ्यात आणता, अक्कल हाय का, तू मात्र पडवीत पटकन झोपलीस, आणि मी भांडतच राहिले, किती वेळ कोण जाणे, आणि आत माझी लेक. मी घोंगडी सारून गेले तर गाल लाल, मला वाटलं छान झोप लागली. हात लावला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाला, कोळशाची हवा कोंडली. गाव म्हणालं, बाहेरचं काहीतरी लागलं. मी म्हटलं, ताप व्हता. तुझ्या बापानं दुसरं लग्न केलं, तू इथंच राहिलीस.

बारावं तेरावं झालं आणि तुझ्या आज्यानं पहार घेतली. मला एक शब्द बोलला न्हाय. शिव्या घातल्या असत्या तर बरं व्हतं. मधल्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या, देवाच्या खोलीला एक, चुलीवर कौलं उचलून धूर जायला वाट, मीठागरावरून आला की रोज थोडं फोडायचा. लोक म्हणायचे, राईत एक चाळणी बांधलीय. पावसात अंथरुणं भिजायची. मी पुसायची, बंद करा म्हणाले न्हाय कधी. तो जाईस्तोवर आमचं बोलणं म्हणजे भात वाढ, पाणी दे, एवढंच.

अजून कुणाची बाळंतीण असली की मी जाते, आधी खोलीत वर बघते, बोळा दिसला की ओढून काढते. बाया म्हणतात, म्हातारी अपशकुनी हाय, हिला आत घेऊ नका. बरोबर हाय त्यांचं. मी गेल्यावर परत कोंबतात.

आता तू कागदावर ताप लिहू नकोस. कुणी कोंबलं ते लिही, माझं नाव घालून. तुझं लग्न होईल, पोर होईल, बाळंतपणाला तुझं माहेर म्हणजे मीच, आणि माझ्याकडे ये असं म्हणायला मला तोंड न्हाय. न्हाय आलीस तरी चालेल. पण जिथं निजशील तिथं जीव घाबरा झाला तर कुणाचं ऐकून सोसू नकोस, बाई, उठून दार उघड. औक्षवंत हो.