खालचा खण

थांबा, थांबा — जरा सावकाश सांगा सिन्योरा, मी लिहून घेतो — आणि कागदाकडे बघू नका हं, माझं शुद्धलेखन म्हणजे देवाचं नाव घ्यावं असंच आहे, शाळा लवकर सुटली माझी. बोलायलाही साधेच शब्द येतात. गोडगोड बोलून खोली कशी द्यायची ते आमच्या मालकीणबाईंना जमतं, त्या येतील इतक्यात, बाजारात गेल्यात. या खुर्चीत आज पहिलाच दिवस माझा, कालपर्यंत तुमच्यासारख्यांच्या बॅगा पायऱ्यांवरून खाली आणायचो — माफ करा, सारखा कॉलरला हात जातोय, शर्टाला खळ जास्त झालीय, बाह्याही लांब आहेत, माझा नाही हा शर्ट. असो. तर दोन रात्री. गादी कडक, उश्या मऊ. लिहिलं. गरम पाणी भरपूर, कॉफी खोलीतच, दुधाची. आईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या अजिबात नकोत — या डोंगरातल्या गावात, मातेरात, पायऱ्या अजिबात नकोत म्हणजे, सिन्योरा, समुद्रात पाणी नको म्हटल्यासारखं झालं — पण करू काहीतरी, वरच्या चौकापासून ती तीनचाकी रिक्षा येते ना, तिला सांगून ठेवतो. आणि खोली? चार नंबर. हं. फोटोतली. दगडातल्या टबाची. हं.

दोन नंबर बघता का? नाही, महाग नाही, उलट स्वस्त आहे. दोन नंबरला खिडकी आहे, दुपारपर्यंत ऊन असतं, समोर सगळी घळ दिसते, ससाणे उडताना दिसतात — म्हाताऱ्या माणसाला ऊन बरं. चार नंबर पार आत आहे, डोंगराच्या पोटात. दार लावलं की संपलं. छान आहे हो, छान नाही असं कोण म्हणतंय, जमीनसुद्धा गरम असते, खाली नळ्या टाकल्यात. पण — नाही, रिकामी आहे. खोटं कशाला बोलू. फेब्रुवारीत कोण येतंय. रिकामीच आहे. पण दोन नंबर —

अस्सं. म्हणजे खरीखुरी गुहाच पाहिजे. कशासाठी पण? तुम्ही तिकडे उत्तरेच्या, तोरिनोच्या ना, बोलण्यावरून — आईंचा जन्म इथला? इथला म्हणजे वरच्या गावातला की इथला, खालचा? याच सास्सीतला, या गुहांच्या वस्तीतला. अरे देवा. आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. वर चौकात कॉफी पितायत, त्यांना वाटतंय तुम्ही औषधाच्या दुकानात गेलात. वाढदिवसाची गंमत. हं. छान. छान कल्पना आहे. माझ्या डोक्यात पण अगदी हीच आली होती.

नाही, काही नाही. पाणी घेता?

तसं नाही हो, सगळं ठीक आहे, ढेकूणबिकूण काही नाहीत खोलीत! काय आहे — माझी एक आत्या आहे. म्हणजे वडिलांची आत्या, पण आम्ही सगळे आत्याच म्हणतो. नुन्झिया आत्या. आई कामासाठी जर्मनीला गेली तेव्हा मी हिच्याकडेच वाढलो, हिच्याच हातचं खाऊन एवढा झालो. ती पण इथलीच, सरकारनं सगळ्यांना खालून उचलून वरच्या नव्या वस्तीत फ्लॅट दिले त्या वेळी दहा-बारा वर्षांची असेल. त्यानंतर खाली पाऊल नाही टाकलं तिनं. कधी विचारलं तर म्हणायची, काय आहे तिथे बघण्यासारखं? धूर आणि ओल. पण एकदा बोलता बोलता म्हणाली, आमच्या दारात पाण्याच्या हौदावर वाकलेलं अंजिराचं झाड होतं. आणि सिन्योरा, ते बघा — इथूनच दिसतंय बाहेर. चार नंबरचं दार. हौदावर वाकलेलं अंजीर. शेजारच्या म्हाताऱ्या बेकरीवाल्यालाही विचारलं, तो म्हणाला, होय बाबा, हेच घर. मी वेडाच झालो आनंदानं. ज्या गुहेत माझी आत्या जन्मली तीच ही, आणि तिथेच रेशमी पांघरुणाचा पलंग, गरम जमीन, गरम टब! म्हटलं, जन्मभर हिनं दुसऱ्यांची अंथरुणं धुतली, एक रात्र तरी राणीसारखी झोपू दे. आमच्या इथे मंदीच्या दिवसांत कामगाराला एक रात्र फुकट मिळते, घरच्या कुणालाही आणा. मी ती राखून ठेवली. महिनाभर तयारी केली, तुम्ही करताय तशीच — उशी कुठली, चहा की कॉफी, टबात लॅव्हेंडर टाकायचं की नाही. हे सगळं काल झालं. कालच.

तिला सांगितलं, खालच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जाऊ. माझ्यासाठी म्हणून खाली यायला तयार झाली, चांगला कोट घालून आली. गाडीत म्हणते, "स्ताकियो, एवढं अत्तर कशाला? पाद्री लग्न लावणारेय का तुझं?" — स्ताकियो मी, एउस्ताकियो, आमच्या गावच्या संताचं नाव, इथे दगड भिरकावला तर एखाद्या एउस्ताकियोलाच लागतो. हसत होती हो सगळा वेळ. तिनं अंजीर बघितलं आणि हसायची थांबली. मी आपला दार उघडून उभा, एखाद्या मोठ्या हॉटेलातल्यासारखा, "या, बाईसाहेब!" ती आत गेली, बूट काढायला लागली, म्हटलं काढू नकोस, तर म्हणते, "जमीन गरम का आहे रे? खाली कुणी चूल पेटवलीय?" मग मागे गेली, टबापाशी. तो टब म्हणजे आधीची गव्हाण, दगडातली, तशीच ठेवून गुळगुळीत केलीय. त्यात गरम पाणी, वर फुलं. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "इथं खेचर बांधायचो आम्ही. हिवाळ्यात त्याच्याच उबेवर झोपायचो. आणि आता लोक पैसे देऊन इथं उघडे बसतात?" सगळे हसलो. खूप हसलो. मालकीणबाई तर डोळे पुसायला लागल्या, आणि तो फोटोवालाही —

फोटोवाला, हो. होता एक. म्हणजे... मालकीणबाई म्हणाल्या, एवढी सुंदर गोष्ट आहे, चार लोकांना कळू दे, इंटरनेटवर हॉटेलच्या पानावर टाकू, जन्मघरी परतलेली आजी. मी आत्याला विचारलं नव्हतं. विचारणार होतो. म्हटलं आधी खूश तर होऊ दे, मग विचारू, खूश झाल्यावर कोण नाही म्हणतं. असंच म्हटलं मी मनात. जाऊ दे.

हे तुम्हाला सांगायची गरज नाही खरं तर. तुमची खोली राहिली बाजूला. — नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्या खोलीत खणांचं कपाट आहे, जुनं, अक्रोडाचं. गुहा साफ करताना तिथेच सापडलं म्हणतात, पॉलिश करून ठेवलंय. खालच्या खणात मीच टॉवेल ठेवतो. पांढरे, गुंडाळून, फितीनं बांधून — दिसायला छान दिसतं म्हणून, मालकीणबाईंनीच शिकवलंय. आत्या कशाला तरी वाकली आणि तो खण ओढला. तुमच्या आईंनी कधी सांगितलं का तुम्हाला, बाळांना कुठे झोपवायचे ते? पलंगावर सहा जण, पाळणा टांगायला जागा नाही, जमिनीवर ओल आणि कोंबड्या. मग खण ओढायचा, त्यात ठेवायचं. घट्ट गुंडाळून, फितीनं बांधून, म्हणजे पाय सरळ राहतात. मला हे माहीत होतं हो. इथे सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्यांना खोली दाखवताना मी स्वतः सांगतो — "आणि या खणात बाळं झोपायची!" — पाहुण्यांना फार आवडतं ते. तरी मीच त्यात टॉवेल गुंडाळून ठेवतो, आणि मला एकदाही, एकदाही डोक्यात आलं नाही.

तिनं एक उचलला. हातावर घेतला, असा, मानेखाली हात देऊन. आणि म्हणाली, "ह्याला कुणी गुंडाळलं? सैल गुंडाळलंय." आवाज तिचा नव्हता, कुणा पोरीचा होता. मग खाली बसली, चांगल्या कोटात, आणि फीत सोडली, टॉवेल पसरला, आणि घट्ट, चापूनचोपून, परत गुंडाळायला लागली. म्हणाली, "दोनातो सुटून जायचा म्हणून आई मला ओरडायची. त्या दिवशी मीच गुंडाळलं होतं. तो सुटला आणि गारठला." एवढंच. तिला दोनातो नावाचा भाऊ होता हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानंही, कधी नाव काढलं नाही. कुणीच नाही.

आणि तो फोटोवाला म्हणाला, सुंदर, फारच सुंदर, फक्त चेहरा आला नाही, परत एकदा होईल का?

आणि मी —

मी म्हटलं, "आत्या, जरा इकडे बघ ना."

असं नका बघू माझ्याकडे. मला माहीत आहे. मी म्हटलं. फोटोवाल्यानं नाही, मालकीणबाईंनी नाही, मी. आणि तिनं काय केलं? वाटलं ओरडेल, थोबाडीत देईल, द्यायला हवी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग फीत परत सोडली. टॉवेल पसरला, पहिल्यापासून परत गुंडाळला, आणि हा असा वर चेहरा करून हसली. फोटोत हसतात तसं. फोटो फार चांगला आलाय, सगळे म्हणतात. कारण तिला माहीत होतं ना! मीच तर तिच्या स्वयंपाकघरात बसून सारखा घोकत होतो, मालकीणबाईंना एकदा काहीतरी करून दाखवलं की बॅगा सुटतील, खुर्ची मिळेल, खुर्ची मिळेल —

हो. ही. हीच खुर्ची.

मग ती उठली, कोट झटकला, म्हणाली, "मी माझ्या पलंगावर झोपेन." आणि निघाली. एकटी, सगळ्या पायऱ्या चढून. मालकीणबाई म्हणाल्या, जाऊ दे, जरा मन भरून आलंय, होईल ठीक. आणि सिन्योरा, मी तिच्यामागे गेलो नाही. पळत गेलो असतो तर दुसऱ्या वळणावर गाठली असती. मी खाली बसून उरलेले टॉवेल नीट लावत होतो.

आज सकाळी गेलो. कामावर यायच्या आधी. चौथ्या मजल्यावर राहते ती, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही फारशी, मग रोज मी खालून हाक मारतो, ती बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडते, मी त्यात पाव ठेवतो, ती ओढून घेते. तेवढ्यात दोन शिव्या देते, उशीर झाला म्हणून, पाव करपलाय म्हणून. आज हाक मारली नाही. नुसता उभा राहिलो पाव घेऊन. तर टोपली आपोआप खाली आली. रिकामी नव्हती. आत हा शर्ट. तिच्या नवऱ्याचा, लग्नातला, खळ घालून, कडक इस्त्री करून. रात्री केली असेल, नाहीतर पहाटे. मी वर बघितलं, ती दिसली नाही, नुसता हात दोरीवर. पाव ठेवला. टोपली वर गेली. शिवी पण नाही दिली हो एक.

तिथेच जिन्याखाली घातला अंगात. मग इथे आलो, चार नंबर उघडली, खालचा खण ओढला, सगळ्या फिती सोडल्या आणि टॉवेलांच्या साध्या चौकोनी घड्या घालून ठेवल्या. मालकीणबाई बघतील तेव्हा बघतील. एवढंच केलं. दुसरं काय करणार होतो, सांगा तुम्ही.

तेव्हा — चार नंबर हवी तर देतो, रिकामी आहे, माझं कामच आहे द्यायचं. फक्त आधी आईंना विचारा. आधी. गंमत नको. कॉफीच्या टेबलावर सरळ विचारा, आई, खाली जायचंय का तुला? नाही म्हणाल्या तर दोन नंबर, ऊन आहे. तिथलं कपाट नवं आहे, लोखंडी, वाईट दिसतं पण —

कोण आहे ते बाहेर? तपकिरी कोटातल्या बाई, हातात काठी. नाही, आमच्या इथल्या नाहीत. — तुमच्या आई? एवढ्या पायऱ्या उतरून? एकट्या?

अंजिरापाशी नाही थांबल्या. पुढे गेल्या. त्या शेजारच्या दारापाशी, ते बंद असतं, त्यात कुणी राहत नाही. हात लावतायत दाराला, ओळखीच्या माणसाला लावावा तसा.

नाही, सिन्योरा. बसा. हाक मारू नका.

फोटो नको. फोन खाली ठेवा.