पाणी टाकू नका!

...आणि वर त्या डॉक्टरीणबाई म्हणतात काय, तर 'शांत बसा'! शांत बसा? अहो, मिरकरवाड्याचा खंडू तांडेल, खवळलेल्या दर्यात होडी हाकणारा गडी, आणि तुम्हाला सांगतो, दवाखान्याच्या बाकड्यावर त्याचे पाय असे काही हलतायत की बाकडं हलतंय, शेजारी बसलेली आई धोंडूबाई हलतेय! "मेल्या, गप बस, मला बोट लागेल!"

पण गप बसणार कसा? आत बायको, रुचिरा! लग्नाला कित्येक वर्षं झाली, घरात पाळणा नाही, पोटभर सुया टोचून घेतल्यान बिचारीने, आणि आत जाताना बजावलंन, "ही शेवटची खेप. आता मला सोसवत नाही." खंडूला ते पटलं होतं हो... म्हणून तर पाय थांबेनात!

त्यात बाईंनी समजावून ठेवलेलं, सुईने आतलं पाणी ओढायचं, त्या पाण्यात रुचिराचं बीज येतं. झालं! खंडूने तेवढंच धरलंन. पाणी टाकू नका! इतक्यात दवाखान्यात झाडलोट करणारी गोदामावशी बादली घेऊन बाहेर. हा आडवा!

"मावशी, पाणी टाकू नका!"

"अवो, फरशी पुसल्याचं हाय!"

"नीट बघितलंत काय?"

मावशीने बादलीच त्याच्या नाकाखाली धरलीन!

शेवटी बाई आल्या. चेहरा कसा... भरती नाही, ओहोटी नाही. "तयार बीज एकही मिळालं नाही." खंडूची नजर गेली त्या बादलीकडे! "पण ते पाणी आम्ही फेकलं नाही. बारीक जाळीतून पुन्हा गाळलं. दोन-तीन सापडलीत, पण कच्ची."

कच्ची? आता हा पडला तांडेल, होडीचा म्होरक्या! ह्याच्या होडीवर रघू खलाशाने पापलेटाचं पिल्लू टोपलीत टाकलंन, की हा ओरडतो, "सोड परत दर्यात! वाढू दे त्याला!" तीच जीभ, तीच सवय. बाईंसमोर ताडकन उठला, "कच्ची हायत तर परत सोडा ना आत! वाढतील!"

धोंडूबाईने पदर तोंडात कोंबलान.

"अहो, तशी सोडून वाढत नाहीत. इथे उबेच्या पेटीत पिकवायची," बाई म्हणाल्या. मग खंडूकडून जे घ्यायचं ते घेतलं... ते विचारू नका, लाजून अजून कान लाल आहेत त्याचे! आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. दर्यावर चित्त नाही, घास उतरत नाही, रोज दवाखान्याच्या दारात हजर, "बाई, पाणी टाकलं तर नाही ना?" घरी रुचिराने तांदळाचं धुवण ओतायला घेतलंन, तरी हा धावला, "टाकू नको!" ती हसली, आणि हसता हसता रडली. मग हाही रडला. घाबरलेली होती हो दोघं.

आणि एक दिवस बाईंचं बोलावणं. "एक पिकलं. गर्भही धरला. आज तो रुचिराच्या पोटात सोडायचा."

"म्हणजे... परत सोडायचं?"

"हो, परत सोडायचं."

"आये, ऐकलंस? मी पहिल्या दिवसापासून काय बोंबलत होतो?"

सोडलं. बाई हात पुसत बाहेर आल्या, म्हणाल्या, "आपलं काम झालं. आता नुसती वाट बघायची, जमेल ना?"

खंडू पुन्हा त्याच बाकड्यावर टेकला. "बाई, जाळं टाकून वाट बघत बसायचं, दुसरं आयुष्यात केलंय काय मी?"

आणि पाय लागले हलायला.