पाजणारं जनावर

सोलापूर स्टेशनात माझ्या बाकावर पुण्याच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे मास्तर जांभया देत बसले होते. तेवढ्यात कुंभारीचा जोतीराम झाकलेली टोपली घेऊन आला.

“किती दिवस लावलेस, बाबा! उद्या वर्गात मुलं काय चिरणार?”

“तुमची अटच तसली व्हती की, मास्तर.”

“अट कसली? रानातला एक सस्तन प्राणी आण, एवढंच म्हटलं.”

“सस्तन मंजी काय, इचारलं. तुमी म्हनलासा, अंगावर पाजणारं जनावर.”

“बरं, मग?”

“मग काय! लई मुंगसं गावली, समदी सोडली. एक बी पाजत नव्हतं.”

“अरे देवा! आणि हे?”

“हे पाजतंय की.”

“पिल्लं कुठं आहेत?”

“ती बी आनली. बिळात उपाशी मरतील न्हवं?”

“उघड बघू. अरे, ही मुंगसाची मादी तर आत्ताही पाजतेय!”

“व्हय. चिरायचं कवा?”

“उद्या सकाळी.”

“मंग आज पोटभर पिऊ द्या.”

“जोतीराम, झाक ते. जिथून आणलंस तिथं नेऊन सोड.”

“आन् वर्गात काय दावनार?”

“फळ्यावर चित्र काढीन.”

“चित्र पाजतंय व्हय, मास्तर?”